आवाज बंद ठेवून

—नाही नाही, तिकडे नको, इकडे बस नेत्रा. ऊन तुझ्या तोंडावर राहू दे, माझ्या नको. हां, अशी. आता पुन्हा सांग — हिस्ट्री पुसली की सगळं पुसलं जातं ना? म्हणजे उद्या संजीवने सहज हा फोन हातात घेतला, तर आईने काय काय बघितलं ते त्याला दिसायला नको. फोन त्याचाच आहे ना जुना. नवा घेतला आणि हा मला दिला, आजीने रुहीचे फोटो बघावेत म्हणून. त्याला वाटतं मी ह्यावर फोटो बघते. — हो, साइन इन करायचं नाही, ते कळलं. घरचं वायफाय वापरायचं नाही, लायब्ररीचं वापरायचं, तेही कळलं, म्हणून तर रोज दुपारी ह्या बाकावर येऊन बसते. अख्ख्या बॉथेल गावाला वाटतं सुलभाकाकूंना वाचनाचं वेड लागलंय. आणि जाहिराती? ह्यावर नाही ना येणार? नक्की? कारण सगळा घोळ त्या जाहिरातींनीच केला, नाहीतर मी घरच्या कॉम्प्युटरवर सुखाने बघत होते.

हसू नकोस गं. तसलं काही नाही बघत मी. ह्या वयात तसलं बघायचं म्हटलं तरी चष्मा शोधण्यात वेळ जायचा. ओठ वाचायला शिकवतात ते व्हिडिओ बघते. एक अमेरिकन बाई आहे, लालभडक लिपस्टिक लावून कॅमेऱ्यासमोर बसते आणि शब्द बोलते — पॅट, बॅट, मॅट — आणि आपण ओळखायचं कुठला बोलली. आवाज बंद ठेवूनच बघायचं असतं. मला ते सोयीचं पडतं. तिन्हीला ओठ सारखेच मिटतात, बघ बोलून, प, ब, म — मग ओळखायचं कसं? तर ती म्हणते, मागचापुढचा संदर्भ बघा. आता नुसत्या मॅटला कसला आलाय संदर्भ? पण चांगली आहे बाई, चिडत नाही.

हो, कान जरा मागे पडलेत माझे. जरा म्हणजे — डावा तर नावालाच आहे. उजवा कधी असतो, कधी नसतो. भांडं पडलं तर कळतं. माणूस बोललं तर — समोर असलं तर कळतं. आता तुझं सगळं कळतंय, हळू बोलतेस म्हणून. तू वरच्या मजल्यावर राहतेस, फोनच्याच कंपनीत आहेस आणि आमच्या सूनबाईशी, दीपाशी, तुझं फारसं बोलणं नाही, म्हणून तर तुला धरलं.

तर जाहिराती. मी त्या बाईला बघायला लागले आणि कॉम्प्युटरला कसा काय पत्ता लागला कोण जाणे, रुहीसाठी कार्टून लावलं तरी बाजूला एक म्हातारा, कानामागे यंत्र लावून हसतोय. संजीवने बातम्या लावल्या, म्हातारा हजर. दीपाने कुकर शोधला, म्हातारा हजर. संजीव म्हणाला, ह्या घरात बहिरं कोण आहे? आणि सगळ्यांनी बघितलं कोणाकडे? आमच्या ह्यांच्याकडे. मनोहरकाका तुझे. बघणारच, कारण चार हाका मारल्याशिवाय त्यांनी आजवर कशालाही ओ दिलेली नाही. ते म्हणाले, मला चांगलं ऐकू येतं. संजीव म्हणाला, बाबा, पहिल्या स्टेजला सगळे असंच म्हणतात. मी पोळ्या लाटत राहिले. नेलं त्यांना तपासायला, काचेच्या खोलीत बसवलं, कानाला ते मोठे हेडफोन, बटणं दाबायला लावली — आणि डॉक्टरीण म्हणाली, विशीतल्या पोराचे कान आहेत ह्यांचे. आता घरी येईल त्याला सांगतात. तुलाही सांगितलं असेल ना? तेव्हा मला कळलं, की लग्नापासून त्यांना सगळं ऐकू येत होतं.

मी का नाही सांगत? सगळे हेच विचारतील म्हणून तर नाही सांगत. यंत्र मिळतं गं, माहितीये, हसणाऱ्या म्हाताऱ्याने पाठ करून घेतलंय. यंत्राचं नाही. आमच्या सासूबाईंचं असंच झालं होतं. घरात सगळे हसले की त्या विचारायच्या, काय झालं रे? आणि सगळे म्हणायचे, काही नाही. जेवायला बसा एवढं हाताने सांगायचे, बाकी — काही नाही. पुढे पुढे त्यांनी विचारणं सोडलं. आणि इथे तर, मी रुहीला बसस्टॉपवरून आणते, दीपा येईपर्यंत ती माझ्याजवळ असते. कळलं तर तिला शाळेतच ठेवतील संध्याकाळपर्यंत. ठेवतीलच, मीसुद्धा ठेवलं असतं. मग मी आणि विशीतले कान, समोरासमोर सोफ्यावर.

रुहीला? — रुहीला माहितीये. तिने कसं पकडलं सांगू? मागून हाका मारल्या असतील, मी ओट्याशी. मग पुढे येऊन उभी राहिली, माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि आवाज न करता नुसते ओठ हलवले — कुकी. मी डबा काढून कुकी दिली. थोड्या वेळाने पुन्हा आली — मिल्क. दूध दिलं. अशी झाली आमची दोस्ती. मग आम्ही बोलायचंच तसं. शाळेतलं सगळं सांगते, कोण रडलं, कोणाचा दात पडला, सगळं आवाजाशिवाय. तिला खेळ, मला अभ्यास. त्या लिपस्टिकवाल्या बाईपेक्षा चांगली शिकवते. आणि मी एवढंच म्हटलं होतं तिला, रुही, हे आपलं सीक्रेट हं. एवढंच.

—नाही, झालं काहीतरी. तुला सांगणार नव्हते. शाळेतून फोन आला दीपाला. टीचर म्हणाली, रुहीला काही विचारलं की ती नुसते ओठ हलवते, आवाज काढत नाही. घरी बोलते का? दीपा स्वयंपाकघरात येऊन रडली. मला वाटलं तिच्या आईला काही झालं. मग सगळं सुरू झालं — स्पीच थेरपिस्ट, कसले कसले फॉर्म, गुरुवारी अपॉइंटमेंट. संजीवच्या ऑफिसातल्या कोणीतरी सांगितलं, दोन भाषांनी मुलं गोंधळतात, म्हणून आता घरात मराठी बंद. बंद म्हणजे बंद. हेसुद्धा जेवताना म्हणतात, सुलभा, पास मी द चटणी. दीपाचं मराठी मला ओठांवरून सगळं कळायचं गं, आता ती इंग्रजीत भराभरा बोलते आणि मी हो हो करते. परवा कशाला तरी हो म्हटलं आणि घरात मांजर येणारेय म्हणे.

आणि रोज दीपा तिला जवळ घेऊन विचारते, रुही, बेबी, तू आवाज का नाही काढत? तुला कोणी रागावलं का? कोणी मारलं का? — आणि ती पोर माझ्याकडे बघते. एकदाच. आणि तोंड मिटून बसते. बसमधल्या मुली आता तिच्याशी खेळत नाहीत, वीअर्ड म्हणतात. तेही तिने मलाच सांगितलं, आपल्या पद्धतीने. मी त्यातला वीअर्ड शब्द दोनदा विचारला, मला ओळखू येईना, तिने दोनदा सांगितला. न कंटाळता.

म्हणून म्हटलं, हे व्हिडिओ नीट शिकून घेऊ गुरुवारच्या आत. म्हणजे मग ती आवाज काढून, तोंड कसंही ठेवून बोलली तरी मला कळेल आणि तिला तसं बोलायची गरजच — काय म्हणालीस? — नाही, कळलं. कळलं म्हणूनच विचारलं. तू अगदी स्वच्छ बोलतेस.

सोपं आहे का ते सांगून टाकणं, नेत्रा? तू आत्ता एवढंसं वाक्य बोललीस, मी काल रात्रभर तेच बोलत होते छताकडे बघून. मराठीत बोलले, इंग्रजीत बोलले. सकाळी दीपासमोर उभी राहिले, ती म्हणाली, काय आई? मी म्हटलं, चहा हवा का?

—हात का करतेस? कुठे? अगं बाई, दीपाचीच गाडी की. आज लवकर कशी आली? मागे रुही आहे, काच बंद आहे — थांब, काहीतरी म्हणतेय मला — भूक. आजी, भूक. बघितलंस? मराठीत म्हणाली. कोणाला ऐकू जात नाही ना, म्हणून मराठीत.

दे तो फोन इकडे. राहू दे, पुसलं नाही तरी चालेल. तू ऊठ आता, ऊठ, जा, तिला बसायला जागा दे. नाही, थांबू नकोस, तू असलीस की मी पुन्हा चहाच विचारीन. जा.

दीपा, गाडी बंद कर जरा. उतर. इथे ये, बस. — काय म्हणालीस? नाही, पुन्हा नको म्हणूस. तेच सांगायचंय. मला ऐकू येत नाही, दीपा.