डोळ्याकडची कडी

दुकानदार : हा जड, तो काळपट, त्याच्या आतली फुली जाड. नवरा बघायला आलीयस की रायफलचा स्कोप, चॅम्पियन?

मुलगी : नवऱ्याला हजार मीटरवरून कोण बघतं, काका?

दुकानदार : शहाणी असशील तर तेवढ्यावरूनच बघ! बरं, हा बघ आता. स्टँडवर घट्ट बसवलाय. दारातून समोर बघ. औषधांचं दुकान, त्याच्यामागे पाण्याची टाकी. टाकीची शिडी दिसली?

मुलगी : दिसली. पण हलतेय.

दुकानदार : शिडी नाही गं हलत, तापलेली हवा हलते. झूम कमी कर. लांबचा नेम म्हटलं की सगळ्यांना आपलं मोठ्ठं दिसायला हवं असतं. मोठं दिसलं म्हणजे नीट दिसलं असं नसतं.

वडील : हाच चांगला आहे ना? मग हाच द्या.

दुकानदार : चांगला आहेच, साहेब. नेम जुळवायच्या चकतीचे क्लिक ऐका कसे खणखणीत आहेत. पण डोळा तिचा आहे, तिला म्हणू द्या.

वडील : तिचं काय, ती संध्याकाळपर्यंत नाकं मुरडत बसेल. निवड चाचणी तोंडावर आलीय. क्लबचा उसना स्कोप लावून किती दिवस काढणार? हाच बसवा तिच्या रायफलवर.

मुलगी : रायफल दादाची आहे.

वडील : होती. आता तुझी आहे.

मुलगी : मग स्कोप का नाही?

वडील : तो विषय झालाय आपला.

मुलगी : तुमचा झालाय. काका, हे सगळे ठेवून द्या आत. हा घ्या. हा बसवा.

वडील : हा कुठून आणलास?

मुलगी : तुमच्या कपाटातून. दादाच्या मफलरमध्ये गुंडाळलेला होता.

दुकानदार : अरे, हा तर थोरल्याचा! याच टेबलाशी बसून घेतला होता त्यानं. किती डोकं खाल्लं होतं माझं! आण इकडे. काच पुसून घेतो, डोळ्याकडची कडी शून्यावर आणतो, मग—

वडील : हात लावू नका त्या कडीला!

दुकानदार : साहेब?

वडील : फिरवू नका. तसाच खाली ठेवा.

दुकानदार : ठेवला, ठेवला. पण साहेब, जुना स्कोप हातात आला की आम्ही पहिलं तेच करतो. प्रत्येकाची नजर वेगळी. ही कडी ज्याची त्यानं आपल्या डोळ्याला लावून घ्यायची, तेव्हा कुठे आतली फुली काळीभोर आणि समोरचं स्वच्छ दिसतं. थोरल्याच्या डोळ्याला लावलेल्या कडीतून हिला काय कप्पाळ दिसणार?

वडील : म्हणूनच म्हणतोय, हिला नवा द्या.

मुलगी : नवा. मला सगळं नवं. पाहुणी आहे का मी घरात? दादाच्या टेबलावर बसायचं नाही, दादाच्या कपाटाला हात लावायचा नाही. रायफल दिलीत, तीसुद्धा क्लबचे सर चारदा घरी येऊन गेले तेव्हा. सरळ सांगून टाका ना बाबा, त्याच्या जागी मी उभी राहिलेली तुम्हाला बघवत नाही.

वडील : वेडी आहेस का तू?

मुलगी : मग काय आहे त्या स्कोपमध्ये? रोज सकाळी गच्चीवर जाऊन त्याला डोळा लावून बसता. आई म्हणते, जाऊ दे, पक्षी बघत असतील. तुम्हाला कावळा आणि कबुतर यांतला फरक कळत नाही, बाबा!

वडील : पक्षी नाही बघत मी. मला त्यातून काही दिसायचंसुद्धा नाही. सगळं धूसर.

मुलगी : मग कशाला बघता?

वडील : त्याला चष्मा होता. नेम धरताना काढून ठेवायचा आणि ही कडी आपल्या नंबराला लावून घ्यायचा. हॉस्पिटलात रायफल कोण नेऊ देणार? म्हणून नुसता हा स्कोप उशाशी ठेवला होता. मी खाली फाटकातून आत शिरलो की तो वरच्या खिडकीतून मला बघायचा. वर पोचलो की म्हणायचा, बाबा, शर्टाची बटणं वरखाली लागलीत. एकदा म्हणाला, फाटकाशी थांबून डोळे पुसता आणि मग हसत वर येता, मला सगळं दिसतं. शेवटी शेवटी मान धरवत नव्हती त्याला. तरी बघायचा.

दुकानदार : साहेब, बसा ना. पाणी देऊ?

वडील : नको. कपडे देऊन टाकले त्याचे. पुस्तकं दिली. चष्मा त्याच्याबरोबरच गेला. ही कडी तेवढी त्यानं फिरवली तिथे आहे. मला धूसर दिसलं तरी चालेल. पण त्याला इथूनच स्वच्छ दिसायचं. मी दिसायचो. तू हा रायफलवर चढवलास की कडी फिरवणार. फिरवावीच लागणार. मग त्याची नजर कुठे शोधू मी?

मुलगी : बाबा...

वडील : तू नकोयस असं नाही गं. असं मनातसुद्धा आणू नकोस. तूच तर उरलीयस.

मुलगी : बाबा, ती कडी तिथे नाहीये.

वडील : म्हणजे?

मुलगी : तुम्ही आत्याकडे गेला होतात ना, तेव्हा मी हा रेंजवर नेला. एकदा, फक्त एकदा मला दादाच्या स्कोपमधून नेम धरायचा होता. ते पदक, अख्ख्या गल्लीला सांगत सुटला होतात ते, ते यातून मिळालंय. क्लबचा स्कोप नव्हता तो.

वडील : कडी फिरवलीस?

मुलगी : हो.

दुकानदार : अगं, फिरवण्याआधी खूण करायची. घसा कोरडा पडेपर्यंत शिकवलंय मी तुम्हाला!

मुलगी : केली होती, काका. पेन्सिलीनं, बारीक रेघ. परत त्या रेघेवर आणूनच ठेवणार होते. पण बाबा एक दिवस आधी आले. जिन्यात पाय वाजले, मी तसाच मफलरमध्ये गुंडाळून कपाटात सारला. नंतर संधी साधून बाहेर काढला, तर रेघच नव्हती.

वडील : कुठे गेली?

मुलगी : तुम्ही रोज पुसता ना तो.

वडील : होती. काळी रेघ होती खरी. मला वाटलं, मळ आहे. फडक्याला थुंकी लावून घासली मी ती.

मुलगी : मी सांगायला हवं होतं. रोज ठरवायचे आणि तुम्ही गच्चीवरून खाली आलात की जीभ उचलायची नाही. इथे काकांसमोर कडी फिरवून घेतली असती, म्हणजे मग कधीच सांगावं लागलं नसतं. म्हणून आणला आज.

वडील : तुम्ही होतात ना इथे, त्यानं पहिल्यांदा लावून घेतली तेव्हा? कुठवर फिरवली होती? आठवतं?

दुकानदार : हो म्हणालो तर आत्ता तुम्हाला बरं वाटेल, साहेब. पण ती कडी मग मी फिरवलेली असेल, त्यानं नाही. नाही आठवत मला.

वडील : तरीच.

मुलगी : काय तरीच?

वडील : तुझ्या आत्याकडून आल्यापासून मला त्यातून बरंच दिसायला लागलं होतं. तुझ्या आईला म्हटलंसुद्धा, आज समोरच्या गच्चीवरच्या कपड्यांचे चिमटे दिसले. मला वाटलं... हसू नका हं. मला वाटलं, त्यानंच मला जरा जवळ घेतलं.

मुलगी : माझे डोळे तुमच्यावर गेलेत, बाबा. दादाचे आईवर. मला ओरडा ना. काहीतरी बोला, पण असे बघू नका माझ्याकडे.

वडील : ओरडू कशाला? रेघ मीच पुसली.

दुकानदार : साहेब, मी जरा बाहेर थांबतो. तुम्ही दोघं—

वडील : थांबा. तो नवा काढा स्टँडवरून. हा लावा.

(दुकानदार स्कोप स्टँडवर बसवतो. वडील वाकून बराच वेळ त्याला डोळा लावून राहतात.)

मुलगी : बाबा?

वडील : टाकीची शिडी दिसते. शेवटची पायरी तुटलीय तिची. ... बसवून टाका तिच्या रायफलवर.

मुलगी : बाबा, नको. मी नवाच घेते. हा तुम्ही घरी न्या.

वडील : आता घरी नेऊन काय करू?

मुलगी : बघा त्यातून. रोज बघायचात तसं. धूसर दिसलं तरी.

वडील : धूसर कुठे आहे आता? सगळं स्वच्छ दिसतंय, बाळा.