पळताना दिसला

महाराजांना गादीवर बसून दोन-तीन वर्षं झाली असतील. कोल्हापुरात न्यायकचेरीच्या व्हरांड्यात मी माझ्या नावाचा पुकारा व्हायची वाट बघत होतो. शेजारी पन्हाळ्याकडचं एक शेतकरी जोडपं बसलं होतं. त्यांची कडब्याची गंजी जळाली होती आणि फिर्याद शेजारच्या सिकंदरवर होती.

"आत गेल्यावर एकच सांगायचं. सिकंदरनं गंजी पेटवली," नवरा बायकोला बजावत होता.

"पेटवताना मी बघितलं न्हाय."

"पळताना दिसला न्हवं?"

"व्हय. हातात घोंगडं व्हतं."

"मग? पेटवल्याबिगर कोण कशाला पळंल?"

"इझवायलाबी आला असंल."

"म्हंजे त्यानं पेटवली न्हाय म्हणतीस?"

"तेबी मी बघितलं न्हाय. पळत व्हता, हातात घोंगडं व्हतं, तेवढंच सांगणार."

"नको सांगूस. मी सांगतो की. मी बघितलंय."

"तुमी कवा बघितलंसा? दुपारचं सोप्यात झोपला व्हता. मीच येऊन उठवलं."

"तूच सांगितलंस की मला."

"मी म्हटलं, सिकंदर पळाला. पेटवली, हे तुमी म्हटलंसा."

"तसंच ऐकल्यागत वाटतंय मला."

"तुरुंगात जाईल तो. नीट आठवा."

शिपायानं "कृष्णात" म्हणून हाक दिली, तसा नवरा पटका सारखा करत आत गेला. बऱ्याच वेळानं बाहेर आला.

"काय सांगितलंसा?"

"झोपलो व्हतो म्हणून."

"मग?"

"सायबानं इचारलं, मग सिकंदरचंच नाव का घेतलंस?"

"आन् तुमी?"

"बांधावरनं आमचं भांडाण हाय, म्हटलं."