पोट्ट्यांची सावड

…नाही नाही, जाऊ नका बाप्पा, रघुनाथरावाचं घर माहीत आहे मले, या गल्लीतलं कोणतं घर मले माहीत नाही, कोणाकडे आज भाजी कशाची आहे तेही सांगते, पण आधी इकडे खिडकीजवळ या जरा, नालीत पाय घालू नका, हो, असे, अन् आता मले सांगा, एखाद्या बाईनं चांगलं काम अंगावर घेतलं, तेही फुकटात, तं तिले हेच फळ भेटाले पाहिजे का? कोणतं फळ ते सांगते ना. पत्ताही सांगते. मी काही भेत नाही, सांगून ठेवते.

ते समोरचं निळ्या दाराचं घर दिसते? ते अमिताचं. नवरा ट्रकवर, कधी येते कधी नाही. अन् ही जाते संत्रा मंडीत पॅकिंगले. संत्रा छाटाचा, पेटीत कागद टाकून लावाचा, जेवढ्या पेट्या तेवढी मजुरी, अन् ट्रक भरत नाही तोपर्यंत कोणत्याच बाईले सुट्टी नाही. आता शाळा सुटते चारले. ट्रक भरते दिवे लागल्यावर. मधातल्या वेळात लेकरू कुठं ठेवाव? सांगा. तुम्ही शिकलेले दिसता, सांगा ना. अंगणवाडी? ते तं दुपारीच बंद, अन् अमिताची उर्वशी झाली सात वर्षांची, तिले घेते कोण? सासू? सासू वारली. माय आहे, पण ते तिकडे रामाकोना गावाले, अन् तिले डोळ्यानं दिसत नाही धड.

मोठ्या रोडवर एक निघालं आहे, पोट्टे सांभाळाचं, भिंतीवर ससे काढलेले. मी गेलती पाहाले. मले काही काम नव्हतं तिथं, पण माहीत असलं पाहिजे ना माणसाले. तिथली मॅडम म्हणते, "आंटीजी, हमारे यहाँ बच्चा सेफ, पेरेंट टेन्शन फ्री." मी म्हटलं, कितीत? तिनं सांगतलं अन् मले खुर्ची पाहा लागली. अमिताची अर्धी मजुरी तिथंच जाईन. वरून म्हणते, "छह के बाद एक्स्ट्रा लगेगा." मी म्हटलं, बाई, आमचा ट्रक घड्याळ पाहून नाही भरत. तं म्हणे, "फिर आप लोग एडजस्ट कर लीजिए." केलं ना एडजस्ट. कसं केलं ते ऐका, मंग तुम्हीही भेसान. मी नाही भेली. मी काही भेत नाही.

अमिता काय करे? मले विचारा मी काय समजत होती. शाळा सुटली का ते घडीभर धावत येई, पोरीले घरी आणे अन् परत कामाले जाये; मी समजे का पोरगी मंडीत जाते आईसोबत. मले… मले, जिले गल्लीतल्या मांजरीची बाळंतपणं पाठ आहे, तिले हे माहीत नाही! गल्लीतले सगळे कामाले जाताना घराची चाबी माझ्या खिळ्याले अडकवून जात. एक अमिता कधी देत नसे. मी म्हणे, असंल गर्व. अन् त्या दिवशी मी इथंच उभी, खिडकीत, अन् पाहाते तं निळ्या दाराच्या वरून धूर येऊन राहिला. कुलूप बाहेरून, अन् धूर आतून. समजलं तुम्हाले? कुलूप बाहेरून, अन् धूर आतून.

मी खिळ्यावरच्या सगळ्या चाब्या ओढल्या अन् धावली, एका पायात चप्पल. तिची चाबी त्याच्यात नाही हे माहीत आहे, तरी धावली. दार ठोकलं, "कोण आहे वं आत?" आवाज नाही. पुन्हा ठोकलं. आवाज नाही. तुम्हाले सांगते, आतून कोणी रडलं असतं ना, तं मी भेली नसती. हाताले जी चाबी लागली ते घातली अन् फिरवली, अन् कुलूप उघडलं. ते चाबी माझ्या घरची होती. पण ते मंग समजलं, तेव्हा कुठं विचार कराले डोकं होतं!

आत शेगडीवर कपडा जळून राहिलेला. पोळी गरम कराले गेली होती पोरगी. अन् ते स्वतः? कोपऱ्यात, भिंतीले पाठ लावून, तोंडावर दोन्ही हात. डोळ्यातून पाणी, पण हूं नाही का चूं नाही. मी कपड्यावर बादली ओतली, पोरीले उचललं, म्हटलं, "काऊन ओरडली नाही वं? मी एवढी दार ठोकून राहिली." तं म्हणते, "आजी, आई म्हणते आवाज केला का लोकायले समजते घरात मोठं कोणी नाही."

अख्खा सीझन. अख्खा सीझन ते पोरगी रोज शाळा सुटल्यावर त्या कुलपाच्या आत अशी बसत होती, अन् मी इथं खिडकीत. अमिताले बोलली मी संध्याकाळी, खूप बोलली. तिनं पोरीले जवळ ओढलं. पोरीचे केस हुंगले, धुराचा वास येत होता त्याले, अन् लगेच तिचे कपडे थैलीत भराले लागली. म्हणे, "काकू, हिले रामाकोन्याले मायजवळ ठेवते. काम सोडलं तं खावाव काय?" मी म्हटलं, "अन् ते राहीन तुह्याबिगर?" ती थैलीच भरत राहिली. उर्वशी दारात उभी राहून विचारे, "आई, तू पण येतं ना?" मी भेत नाही, पण मले तिथं उभं राहावलं नाही.

बरं, कुलपाची गोष्ट तं राहूनच गेली. दुसऱ्या दिवशी मी विचार केला, माझी चाबी तिच्या कुलपाले लागली कशी? लावून पाहिली बाजूच्या जयवंताच्या दाराले. उघडलं. पलीकडच्या त्या सुमेध पोट्ट्याच्या घराले लावली. उघडलं. आमच्या गल्लीनं सारे कुलपं बाजारातल्या गुलाबच्या पाटीवरून घेतलेले, पितळी, वाघाचा छाप, स्वस्त अन् मजबूत. मजबूत तं आहेच, फक्त कोणाच्याही चाबीनं उघडते. मी गुलाबशी भांडाले गेली तं म्हणते, "काकू, फायदाच आहे, चाबी हरवली तं शेजाऱ्याची लावा." अन् गल्लीतल्यांनी काय केलं? आपापल्या चाब्या माझ्या खिळ्यावरून काढून नेल्या. जसं काही मी रोज रात्री सगळ्यांच्या घरात फिरून येणार होती! खिळा रिकामा पाहून मले कसं वाटलं, ते सोडा.

पण थैली भरलेली होती अमिताची, अन् मंग जयवंता उभी राहिली. जयवंता म्हणजे मंडीतली सगळ्यात जुनी बाई, ते बोलते तेव्हा मालकही बिडी विझवते. म्हणे, "कापूस येचाले आपण सावड करतो का नाही? आज मी तुह्या वावरात, उद्या तू माह्या. पैशाचं नाव नाही. मंग पोट्ट्यांची सावड काऊन नाही? रोज एकीनं घरी राहाव, सगळ्यांचे पोट्टे पाहाव, अन् बाकीच्यांनी आपली एकेक पेटी त्या दिवशी तिच्या नावानं लावाव. तिची मजुरी बुडत नाही, अन् कोणाले घर विका लागत नाही." मले तं टाळ्या वाजवाव्या वाटल्या. मंग म्हणते, "अन् जागा लीलाबाईचं घर. तशीही ते दिवसभर खिडकीतच असते."

टोमणा होता. समजला मले. पण तुम्ही सांगा, हो म्हणाव का? आपलं लेकरू पडलं तं उचलून घेता येते, लोकाचं पडलं तं आधी इकडे तिकडे पाहा लागते. रात्रभर आमच्या ह्यांना उठवून विचारलं, "अहो, कोणी आजारी पडलं तं? कोणी हरवलं तं?" ते म्हणे, "तू झोप, अन् मलेही झोपू दे." अन् सकाळी उठून गेले तिगावले, भावाकडे. मी हो म्हटलं. त्या पोरीची थैली मी माझ्या हातानं रिकामी केली. अमिता म्हणे, "काकू, एक डाव पाहू. काही झालं तं मंग रामाकोनाच."

तं आज पहिला दिवस. पाळी अमिताची. शाळा सुटली, सात पोट्टे घरात, अमिता अन् मी. मुरमुरे भाजले, पाढे म्हटले, सुमेधनं उर्वशीची रिबीन ओढली, सगळं बरोबर चालू होतं, अन् मंडीतून अमिताले फोन आला का ट्रक लवकर लागला, हात कमी पडून राहिले, अर्ध्या घंट्यासाठी ये. ती म्हणे, "काकू, जाऊन येते." मी म्हटलं, जा. मी काही भेत नाही. अन् तिनं काय केलं? अख्खा सीझन रोज जे केलं तेच केलं. पोरीच्या दप्तरात आपला फोन टाकला, धुराच्या दिवसापासून टाकते, पोरीच्या डोक्यावर हात फिरवला, दार ओढलं, कडीले अडकवलेलं माझं कुलूप लावलं, त्यातलीच चाबी काढून कमरेले खोसली, अन् गेली. तिले माहीतच नाही तिनं कुलूप लावलं. तो हाताचा गुण आहे, तिचा नाही.

हो. बाहेरून. म्हणून तं खिडकीतून बोलून राहिली मी तुमच्याशी एवढ्या वेळची, काही हौस नाही मले!

फोन? केला ना तिले फोन. माझ्याच घरात वाजला, दप्तरात. जयवंताले करू? तिले सांगनं म्हणजे अख्ख्या मंडीले सांगनं, अन् मंडीले समजलं का पहिल्याच दिवशी पोट्टे कुलपात, तं सावड संपली. अमिता आजच थैली भरन.

पण मी भेली ते कुलपाले नाही. ऐका… काही ऐकू येते आतून? सात पोट्टे आहेत घरात. येते का काही आवाज? नाही ना? कुलपाचा खटका वाजला, अन् उर्वशी उठून भिंतीले पाठ लावून बसली, तोंडावर हात. अन् बाकीच्यांले खुणेनं बसवलं. सुमेधले सुद्धा, ज्याले मास्तर बसवू शकत नाही. म्हणते, "कुलूप लागलं का आवाज नाही कराचा." सातही जण रांगेनं, भिंतीले पाठ लावून. तेव्हा… तेव्हा भेली बाप्पा मी. खोटं कशाले बोलू. म्हणून खिडकीत येऊन हाक मारली, अन् तुम्ही भेटले.

थांबा जरा. उर्वशी, इकडे ये. ये माह्याजवळ, खिडकीत. पाहा, हे पाहुणे आहेत, यायले समजलं तं काही होत नाही. घरात मोठं कोण आहे? मी आहे ना? आजी आहे ना? मंग ओरड. ओरड माय, तुह्या आवाजानं कोणी रागावत नाही… हां. अजून. सुमेध, तूही… झालं. आता सातही जण सुरू झाले. आता दोन दिवस कान वाजन माहे, पण वाजू द्या.

काय म्हणता, कुलूप फोडू? नको, नवीन घ्यावं तं गुलाबकडूनच घ्या लागते. तुम्ही सौसरहून आले म्हटलं ना? गुलाब सौसरच्या बाजारातही पाटी लावते. तुमच्या घराले कुलूप कोणतं आहे? पितळी? वाघाचा छाप? …तुमचा चेहरा काऊन उतरला? काढा, काढा खिशातून, लावून पाहा. जरा डावीकडून फिरवा…

उघडलं ना. पाहा.

अमिताले सांगू नका बरं, कोणालेच नका सांगू, सांगाचं असंल तं मी सांगन. अन् रघुनाथरावाचं घर, सरळ जाऊन पिंपळापासून डाव्या हाताले. ते घरी नसले तं बाहेर उन्हात उभे राहू नका, आत जाऊन बसा. चाबी आहेच तुमच्यापाशी.