आहेर सरांची अर्धी गोष्ट

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती मोतीराम आहेर सर, वहिनी, सहकारी शिक्षक आणि मुलांनो,

"बाई, शंका वर्गात विचाराव्यात, झेंड्याखाली नाही."

बऱ्याच वर्षांपूर्वी, देवळाली कॅम्पच्या या शाळेतल्या माझ्या पहिल्याच पंधरा ऑगस्टला सर मला असं म्हणाले होते. मी विचारलं तरी काय होतं? मुलं पावसात किती वेळ उभी राहणार, एवढंच! आज आपण सभागृहात आहोत, झेंडा बाहेर आहे. तेव्हा परवानगी असावी.

सर कडक, पण विनोदी. आजच्या पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' हे वाचून त्यांनीच विचारलं, "मग मी घरीच थांबू का?"

सर शाळेत येण्याआधी तोफखान्यात होते; त्यांची एकाहत्तरच्या लढाईची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. दर वर्षी ऐकली आहे. तोफ कशी लावली, हुकूम कसा आला, गोळा सुटताना जमीन कशी हादरली. मग जयघोष, आणि लिमलेटच्या गोळ्या.

कारगिलच्या वर्षी मात्र सातवीतली शुभांगी मध्येच उठली. तिचे वडील तोफखान्यात, त्या वेळी वर सीमेवर.

"सर, गोळा पडला कुठं?"

"शत्रूवर."

"पण पप्पा म्हणतात, तोफेवरच्यांना ते दिसत नाय. पुढं दुर्बीण घेऊन बसतात, त्यांनाच दिसतं. तुम्ही कुठं होता?"

"पुढं," सर म्हणाले, आणि गोळ्यांचा डबा त्यांनी माझ्या हातात दिला.

त्या वर्षी वाटप मी केलं. सर मैदानाच्या नळावर तोंड धूत होते. बराच वेळ. मीही जवळ जाऊन काही विचारलं नाही. झेंडा वर होता ना!

देशावर जीव लावावा तो सरांसारखा, यात वाद नाही. पण ज्या गोष्टीचा शेवट आपल्यालाच सोसत नाही, तिच्या सुरुवातीवर मुलांकडून टाळ्या घ्याव्यात का? मीही वाजवल्या आहेत त्या, अगदी मनापासून.

आता माझा ओम बारावीत आहे. त्यानं सैन्याचा अर्ज भरलाय, तो सरांच्या गोष्टीवर. मी काही बोलले की म्हणतो, "आई, तुला नाही कळणार. आहेर सरांना विचार." अर्ज सोमवारी जायचा आहे. मी त्याला अडवणार नाही. पण अर्धीच गोष्ट ऐकून त्यानं जाऊ नये.

मला दोन मिनिटं दिली होती, मी चार घेतली. संयोजकांचे आभार, त्यांनी अजून चिठ्ठी पाठवली नाही. थट्टेत कुठे जास्त बोलले असेन तर सर, धाकटी समजून पोटात घाला.

आणि परवा रविवारी वहिनींना घेऊन जेवायला या. जेवणं झाली की मी स्वयंपाकघरात जाईन. तुम्ही ओमला शेजारी बसवून दुर्बिणीतून काय दिसलं ते सांगा. तुमची मान आत्ताच 'नाही' म्हणतेय, ते मला इथून दिसतंय. तरी या, सर.