टोपलीतलं सफरचंद

दातांच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या. गालाला रुमाल लावलेली ती नणंद. दाढ ठणकत होती, तरी तोंड बंद नव्हतं.

"वहिनी, बाबांच्या घरी कुणीतरी बाई येते."

"काहीतरीच काय!"

"काल मी फ्रिज उघडला. कोथिंबीर निवडून कोरड्या फडक्यात गुंडाळलेली. आई असताना ज्या माणसाला मिठाचा डबा सापडत नव्हता, तो कोथिंबीर निवडेल?"

"एकटा माणूस शिकतो हळूहळू."

"केळ्यांच्या देठांना प्लास्टिक गुंडाळायलाही शिकतो?"

"मग त्यांनाच विचारायचं."

"विचारलं. पेपरात तोंड खुपसून बसले. मला तर त्या शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंचाच संशय येतोय. सारख्या खिडकीत असतात."

"उगाच कुणावर आळ घेऊ नकोस."

"आणि बटाट्यांच्या टोपलीत काय होतं माहितेय? सफरचंद! वेंधळीच असणार बाई."

"वेंधळी कशाला? सफरचंद ठेवलं की बटाट्यांना लवकर मोड येत नाहीत."

"अस्सं... वहिनी, तू जातेस तिकडे."

"हळू बोल गं."

"त्या भांडणानंतर दादा बाबांचं नाव काढू देत नाही. त्या घराची पायरी चढायची नाही, असं तुलाही बजावलंय ना त्यानं? त्याला कळलं तर?"

"तुझा दादा दर रविवारी बाजारातून एकच सफरचंद आणतो आणि ओट्यावर माझ्या पिशवीशेजारी ठेवतो. आमच्या घरात सफरचंद कुणी खात नाही."