काटा एकशे तीनवर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या प्रयोगशाळेचे संचालक साहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, पाणीपुरवठा खात्याचे मुख्य अभियंता, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आपल्या ताई, पहिल्या रांगेतले त्यांचे यजमान आणि लेक, आणि खिडक्यांशी दाटीवाटीनं उभ्या असलेल्या सहकारी मंडळींनो,

मला सात मिनिटं मिळाली आहेत. ताईंच्या मनमिळाऊ स्वभावावर बोला, असं सुचवण्यात आलंय. स्वभावावर! सव्वीस वर्षं जिनं उजेड मोजला, तिच्याबद्दल बोलायला एवढंच उरलं का?

तुम्ही मला कविराज म्हणता. खोटं नाही ते. चौथीत कवितेच्या तासाला आमचे गुरुजी डोळे मिटून चालीवर म्हणत आणि मागून आम्ही. त्या कवितांत दिवा असे, पाणी असे, पाण्यात पडलेला दिव्याचा उजेड असे. त्या उजेडाच्या नादानंच मी या नोकरीत आलो. इथं कळलं की उजेड जिथून जातो तिथं थोडा थोडा मरतो, आणि किती मेला ते मोजणं हेच आपलं काम. गच्चीवर दिवा लावून समोरच्या इमारतीपर्यंत हवेतून तो किती पोचतो हे बघत ताई आणि मी कितीतरी धुकट सकाळी कुडकुडलो आहोत. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. पुढचे आठवले की किळस येते.

काचेच्या तंतूचं माप कसं घेतात, ते पाहुण्यांसाठी सांगतो. आधी अख्ख्या रिळातून उजेड सोडायचा. मग दिव्यापासून दोन मीटरवर तंतू कापायचा आणि पुन्हा मोजायचं. दिव्याकडच्या जोडाला मात्र हात लावायचा नाही. दोन मापांतला फरक तेवढा तंतूचा दोष, बाकीचा आपला. ताई नव्या मुलांना सांगायच्या, "आपला दोष आधी वजा करा, मग दुसऱ्याचा मोजा."

पाण्याचं त्याहून सोपं. मीटरभर लांब नळी, दोन्ही टोकांना काच. आधी शुद्ध पाणी भरायचं आणि काटा शंभरावर येईपर्यंत दिव्याचं बटण फिरवायचं. मग तलावाचं पाणी भरायचं. काटा जितका खाली, तितकं पाणी गढूळ. शुद्ध पाण्याचा कॅन भरणं माझ्याकडे होतं. दर सोमवारी तो रिकामा करून, घासून, नव्यानं भरायचा, असा नियम.

मी काय केलं? वरून भर घातली. आठ महिने. कॅन वीस लिटरचा, माझे गुडघे हे असे. नळाखाली नेऊन उपडा कोण करणार?

ताई बटणाशेजारी पेन्सिलीनं रेघ ओढत. ती रेघ दर आठवड्याला पुढं सरकू लागली. त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, दिवा म्हातारा झालाय, माझ्यासारखा. त्या हसल्या नाहीत. आणि एके दिवशी तलावाचं पाणी भरलं, तर काटा एकशे तीनवर.

मंडळी, जरा विचार करा. तलावाच्या पाण्यातून जाऊन उजेड वाढला! आपण सगळे शिकलेले. कुणाला लाज वाटली? साहेबांनी एकशे तीनचे शंभर टाईप करून घेतले. मी वार्षिक अहवालासाठी तलावाच्या निर्मळपणावर चार ओळी रचल्या. त्या मुख्य अभियंत्यांच्या कार्यालयात चौकटीत लावल्या आहेत. साहेब, घंटा नंतर वाजवा. माझी अजून दोन मिनिटं आहेत.

ताईंनी कॅनचं झाकण काढून कोपरापर्यंत हात आत घातला. बाहेर आला तो हिरवा, बुळबुळीत. बोटांच्या मधून शेवाळाच्या तारा लोंबत होत्या. तो वास मला अजून जेवताना येतो.

"दिवा नाही हो कविराज," त्या म्हणाल्या, "तुमचं पाणी म्हातारं झालंय."

मग त्यांनी कॅन घासला, नवं पाणी भरलं आणि पुन्हा माप घेतलं. एकाहत्तर. तसा अहवाल दिला. पण पाणी निर्मळ असल्याचे आठ महिन्यांचे दाखले पाणीपुरवठा खात्याकडे गेलेले, ते परत कोण मागवणार? चौकशी बसली. कॅन कोण भरतं, असं मला विचारलं. मी म्हणालो, "ते टेबल ताईंचं आहे." यात खोटा एकही शब्द नाही. इतकं स्वच्छ खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो. ताईंच्या कागदांवर 'कामात हलगर्जी' असा शेरा पडला आणि दोन वर्षं आधी घरी जा म्हणून सांगण्यात आलं. पुढच्याच आठवड्यात मला मुदतवाढ मिळाली. मी ती घेतली. पेढ्यासारखी गोड मानून घेतली.

तुमच्या हातातल्या ग्लासांत त्याच तलावाचं पाणी आहे. व्यासपीठावर मात्र सीलबंद बाटल्या आहेत. बघा, इथून स्पष्ट दिसतात.

आज सकाळी मी साहेबांना एक पत्र दिलं. ते म्हणाले, समारंभ होऊ दे, मग बघू. समारंभ तर होतोच आहे. पत्रात तीन वाक्यं आहेत. कॅन माझ्याकडे होता आणि मी तो आठ महिने धुतला नाही. पाण्याचं खरं माप एकाहत्तर, ते ताईंनी घेतलं, त्यांच्यावरचा शेरा काढावा. माझी मुदतवाढ मी परत करतो. प्रती दाराजवळच्या खुर्चीवर ठेवल्या आहेत. जाताना एकेक न्या.

ताई, मान वर करा. तुमच्या लेकीला कळू दे की तिच्या आईनं काय मोजलं होतं. माझा दोष वजा करायला मला फार वेळ लागला.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्याच्या ओघात वेळ पुढं गेली असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर तेवढ्यापुरती सभागृहानं क्षमा करावी. कॅनबद्दल करू नये.