केटलीमागचा सेन्सर

जबाब देणार: जखमी कामगाराची थोरली बहीण, वय ४३ वर्षे, व्यवसाय साइट ऑफिसात झाडलोट व चहा, राहणार बांधकामामागच्या पत्र्याच्या खोल्या.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर होऊन सांगते की, माझा धाकटा भाऊ त्याच इमारतीवर स्लॅबखालचे टेकू लावण्या-काढण्याचे काम करतो. सोमवारी दुपारी टेकू काढताना स्लॅब कोसळून तो खाली सापडला. आता त्याच्यावरच गुन्हा घालायचा घाट इंजिनिअर साहेबांनी घातला आहे, म्हणून मी कोणी न बोलावता आले आहे.

काँक्रीट पक्के झाले की नाही हे फोनवर कळवणारे सेन्सर साहेबांनी नवीन आणले. काडेपेटीएवढी डबी असते. ती सळ्यांना बांधून काँक्रीटमध्ये पुरायची, मग आतल्या उष्णतेवरून ती हिशेब करते. हे मला अपघातानंतर कळले. भावाला तेव्हा माहीत नव्हते.

कामगारांना प्रशिक्षण दिले होते, असे साहेबांनी तुम्हाला सांगितले. ते प्रशिक्षण मी डोळ्यांनी पाहिले, चहा मीच दिला. सेन्सरच्या कंपनीचा माणूस पडद्याकडे तोंड करून परक्या भाषेत बोलत होता आणि साहेब मान डोलवत होते. कामगार दाराबाहेर उभे होते. त्यांना फोटोपुरते आत घेतले.

स्लॅब ओतायच्या सकाळी साहेबांनी डबी भावाच्या हातात ठेवली व म्हणाले, "या स्लॅबची आहे. जिवापाड जप. भिजली तर तुझी खैर नाही." एवढे बोलून ते फोन कानाला लावून निघून गेले. भावाला जिकडे तिकडे ओले काँक्रीट दिसले. त्याने डबी ऑफिसात आणून विजेच्या केटलीमागे फळीवर ठेवली. "ताई, इथं कोरडं आहे. लक्ष ठेव," असे मला म्हणाला. मी लक्ष ठेवले.

केटली दिवसभर तापत असते. किती वेळा, ते साहेबांना विचारा, पिणारे तेच. डबी त्यांच्या खुर्चीमागे हातभर अंतरावर होती. सोमवारी त्यांच्या फोनवर स्लॅब पक्का झाल्याचे आले. भाऊ म्हणाला, "साहेब, इतक्यात?" साहेब हसले. "फोनपेक्षा तुला जास्त कळतं का? काढ टेकू." हे मी दारात उभी राहून ऐकले.

आता साहेब म्हणतात, भावाने डबी चोरून लपवली. चोर साहेबांच्या डोक्यामागे माल लपवतो काय, हे तुम्हीच त्यांना विचारा. मी विचारले तेव्हा त्यांनी मला ऑफिसातून बाहेर काढले.

भावाचा उजवा पाय गुडघ्याखालून कापला. तो शुद्धीवर आला तेव्हा मी उशाशी होते. त्याने पायाचे विचारले नाही. "ताई, ती डबी भिजली नाही ना?" असे विचारले. मी नाही म्हणून सांगितले.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "भावाच्या हलगर्जीपणामुळे" असे लिहिले होते, ते शब्द माझे नाहीत. ते माझ्यासमोर खोडले. बाकी मी सांगितले तसेच उतरले आहे व खरे आहे. खोडल्याचे नीट पाहून मगच सही केली.